जपानी पाव आणि आमची दशमी

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक पेंच उभा राहिला. घरांत सर्वांत वडील अशा आमच्या आत्याबाई. वय नव्वदीच्या घरांत, कान तीक्ष्ण, दृष्टि बेताची आणि तोंडांत दांत एकहि नाहीं. कवळी त्यांना मानवली नाहीं. आधीं भाकरी सुटली, मग पोळी सुटली, पुढें दुधांत कुसकरलेली पोळीहि घशाशीं अडूं लागली. उरला तो मऊ भात. दोन्ही वेळां मऊ भातच पुढें आला म्हणजे माणसाला पानावर बसण्याचा कंटाळा येणारच. आत्याबाईंचें वजन उतरूं लागलें, तेव्हां डॉक्टरांनीं सहज सांगितलें, "ह्यांना दुधांत भिजवून मऊ पाव देत जा." डॉक्टर तरुण होते. आपण काय बोलून गेलों याची त्यांना कल्पना नव्हती. आत्याबाईंनीं जन्मांत कधीं पाव तोंडांत घातलेला नव्हता.

खडकींत राहून पाव न खाणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांच्या व इंग्रजांच्या फौजांची येथें गांठ पडली आणि पुढें या माळावर जी छावणी बसली ती उठलीच नाहीं. १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना आला. गोऱ्या पलटणींबरोबर पाव आला, बिस्किटें आलीं, त्यांच्या भट्ट्या आल्या, आणि पलटणी गेल्या तरी भट्ट्या राहिल्या. आमचें घर बाजाराच्या मागच्या आळींत. पहांटे सायकलीच्या मागें पेटारा बांधून पाववाला दारावरून जाई, आणि वाऱ्याची दिशा फिरली कीं भट्टीचा खरपूस वास थेट देवघरापर्यंत येई. म्हणजे आत्याबाईंनीं पाव खाल्ला नाहीं खरा, पण त्याचा वास मात्र ऐंशी वर्षें घेतला.

आमच्या वडील पिढ्यांच्या मनांत पावाविषयीं तीन किंतु होते. पहिला अगदींच भाबडा. पाव पायांनीं तुडवून मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशी पुष्कळांची समजूत होती. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीज 'पाँव' यावरून आला आहे आणि त्याचा अर्थ नुसता 'रोटी' एवढाच आहे. दुसरा किंतु अधिक साधार होता. गोव्यांतील पदेर पीठ आंबविण्यासाठीं माडाची सूर वापरीत, तेव्हां पावाबरोबर माडी पोटांत जाणार ही भीति खोटी नव्हती. तिसरा किंतु सर्वांत जहाल: पाव करणारा कोण, आणि त्याच्या हातचें आम्हांस चालतें कीं नाहीं. हा तिसरा किंतु आज सुशिक्षित घरांत कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं. तो गेला तें उत्तमच झालें. परंतु एके काळीं त्याचा दरारा केवढा होता, हें पुण्याच्या माणसास तरी सांगावयास नको. १८९० सालीं पंचहौद मिशनमधील एका समारंभांत न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक प्रभृति मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं. मग ग्रामण्य झालें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि मोठमोठ्यांना प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं. न्यायमूर्तींची जर ही कथा, तर खडकीच्या आळींतील एका कारकुनाच्या कुटुंबानें काय करावें?

त्या कुटुंबांतच आत्याबाई वाढल्या. १९४४ सालची गोष्ट त्या कधीं कधीं सांगतात. महायुद्ध चालू होतें, खडकी शिपायांनीं नुसती गजबजली होती. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे सासरे, पांच-सहा वर्षांचे. त्यांना विषमज्वर झाला. एकवीस दिवसांनीं ताप उतरला, तेव्हां डॉक्टरांनीं पथ्य म्हणून दूध-पाव सांगितला. त्या काळीं पुष्कळ घरांत दुखणाइतासाठीं म्हणून पाव प्रथम उंबऱ्याच्या आंत आला. आमच्या घरांत तो तेवढाहि आला नाहीं. मुलाला उचलून पडवींत नेलें, तेथें निराळ्या वाटींत त्याला पाव भरविला, वाटी तेथेंच घासली, आणि त्याचें अंग पुसून मगच त्याला आंत घेतलें. नऊ वर्षांची त्याची बहीण दाराआड उभी राहून हें पाहत होती. "बापू मिटक्या मारीत खात होता, आणि त्या गरम दुधांतल्या पावाचा वास येत होता. मला वाटलं, आपल्यालाहि ताप यावा," असें आत्याबाई म्हणतात. ताप आला नाहीं. विसाव्या वर्षीं वैधव्य मात्र आलें. त्या माहेरीं परतल्या, आणि त्यानंतर आपण होऊन जे अनेक नियम त्यांनीं धरले त्यांत पाव न खाण्याचा एक होता. बापू पुढें रोज सकाळीं चहाबरोबर पाव खात, तोहि उघडपणें. आत्याबाईंनीं त्यांना कधीं बोल लावला नाहीं. स्वतः मात्र खाल्ला नाहीं.

तर अशा आत्याबाईंना पाव खाऊं घालावयाचा! विकतचा आणून पाहणें व्यर्थ होतें. घरीं करावा, तर आम्हां जावांपैकीं कोणालाच तो येत नव्हता. केक येई, नानकटाई येई. पाव म्हणजे बाजारची वस्तु हें आमच्याहि मनांत पक्कें बसलेलें. अशा वेळीं थोरल्या दिरांची मुलगी ओकायामाहून सुटीवर आली.

पुण्याचें आणि ओकायामाचें मैत्र वाचकांस ठाऊक असेलच; सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हें तेथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेलें आहे. आमची पुतणी येथें जपानी शिकली आणि नोकरीनिमित्त दोन वर्षें तिकडे राहिली. तिनें अडचण ऐकून घेतली व म्हणाली, "काकू, जपानांत एक पाव करतात. शोकुपान म्हणतात त्याला. इतका मऊ असतो, कीं बोटांनीं उचलला तर पापुद्रे सुटतात. आत्याआजींना दांतांची गरजच पडायची नाहीं."

"तिकडेहि पानच म्हणतात?" असें मीं विचारलें, आणि त्या एका प्रश्नापायीं आमची ती संध्याकाळ गेली. जपानी 'पान' आणि मराठी 'पाव' हे एकाच आईचे दोन लेक आहेत. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवा घेतलें, १५४३ मध्यें ते जपानच्या किनाऱ्यास लागले, आणि दोन्हीकडे धर्माबरोबर आपली रोटीहि घेऊन गेले. जपानी राज्यकर्त्यांना यांतील धर्माचें भय वाटलें. त्यांनीं सतराव्या शतकांत ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली व १६३९ मध्यें पोर्तुगीजांना देशाबाहेर काढलें. रोटी जवळजवळ नाहींशी झाली, शब्द तेवढा राहिला. बाट केवळ आमच्याच विहिरींना लागत होती असें नाहीं!

पुढें जपाननें पाव पुन्हां घरांत घेतला तो मात्र आपल्या अटींवर. १८४२ सालीं एगावा नांवाच्या एका अधिकाऱ्यानें सैन्याच्या शिदोरीसाठीं म्हणून पाव भाजविला. भाताचा धूर शत्रूला दिसतो, पाव आधींच भाजून नेतां येतो, असा त्यांतला व्यवहार. १८६९ मध्यें किमुरा यासुबेई नांवाच्या गृहस्थानें तोकियोंत दुकान काढलें. हा जातीचा सामुराई, म्हणजे तलवार बाळगणारा. काळ बदलला तेव्हां त्यानें हात पिठांत घातले. परकी पाव लोकांच्या तोंडीं बसेना, तेव्हां त्यानें तांदळाच्या आंबवणावर पीठ फुगविलें व आंत तांबड्या चवळीसारख्या द्विदलाचें गोड पुरण भरलें. हा त्याचा 'आन-पान' १८७४ मधला. दुसऱ्याच वर्षीं तो मेइजी सम्राटांपुढें ठेवला गेला व त्यांना आवडला. डाळ शिजवून, साखर घालून, पुरण करून पिठाच्या पोटांत भरणें ही कल्पना कोणाची, यावर आम्ही मराठी बायकांनीं वाद घालावयास हरकत नाहीं.

पावाच्या आणखी एका दुकानाचें नांव हिंदी माणसानें विसरूं नये. सोमा आइझो व त्यांच्या पत्नी कोक्को यांनीं १९०१ मध्यें 'नाकामुराया' हें पावाचें दुकान चालवावयास घेतलें. १९१५ सालीं इंग्रजांच्या हातून निसटलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानांत पोंचले, आणि जपान सरकारनेंच त्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला. तेव्हां या दांपत्यानें त्यांना शिंजुकु येथील आपल्या दुकानाच्या आवारांत कित्येक महिने लपवून ठेवलें. पुढें १९१८ मध्यें त्यांच्या कन्या तोशिको हिचा रासबिहारींशीं विवाह झाला. ती १९२५ मध्यें अकालीं वारली. पण जांवयाचा व सासऱ्यांचा ऋणानुबंध तुटला नाहीं, आणि १९२७ पासून त्या दुकानांत हिंदी पद्धतीची करी-भात मिळूं लागला. एका पाववाल्याच्या घरीं हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा शिपाई जगला, हें पुतणीनें सांगितलें तेव्हां आत्याबाई आपल्या खाटेवर उठून बसल्या. "पाववाल्यानं ठेवून घेतलं होय?" एवढेंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन गव्हाच्या मदतीनें जपानी शाळांतून मुलांना दुपारच्या जेवणांत पाव मिळूं लागला. भाताला तेथें रीतसर जागा मिळाली ती १९७६ मध्यें. त्या पिढ्या पावावर वाढल्या, पण जीभ भाताची. मऊ, दमट, किंचित् गोड असें अन्न त्यांना हवें होतें. दूध, लोणी व साखर यांनीं मऊ केलेला हा पाव याच आवडींतून घरोघर रुजला.

आतां कृति. पहिला पाव आम्हीं मोठ्या उत्साहानें केला व तो विटेसारखा झाला. दोष माझाच. दूध चांगलें कढत असतांनाच मीं त्यांत यीस्ट घातलें. यीस्ट ही जिवंत वस्तु आहे. सुमारें ५५ ते ६० अंशांच्या पुढें ती मरते. (माडीच्या सुरेची शंका ज्यांना असेल त्यांच्यासाठीं सांगतें कीं, हल्लीं यीस्ट उसाच्या मळीवर वाढवितात. म्हणजे तें साखर कारखान्याचेंच भावंड.) दुसरा पाव फुगला, सकाळीं बरा लागला, आणि रात्रीपर्यंत वाळून कोरडा झाला. मुलांनीं त्याला 'जपानी खारी' असें नांव दिलें. पुतणीला घटक ठाऊक होते, हात बसलेला नव्हता. तिनें ओकायामाच्या घरमालकिणीला फोन लावला. बराच वेळ जपानी बोलणें झालें आणि मग ती आम्हांस म्हणाली, "आपण एक पायरीच गाळली. थोडं पीठ आधीं गरम पाण्यांत शिजवून घ्यायचं असतं. युदाने म्हणतात."

खाटेवरून आवाज आला, "म्हणजे उकड."

आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहूं लागलों. खरेंच, ती उकडच होती. तांदळाचें कच्चें पीठ भिजवून त्याचा मोदक वळूं जा, पारी फाटते. तेंच पीठ आधणांत घालून वाफ आणली कीं मेणासारखें मऊ होतें व हवें तसें वळतें. कारण असें कीं, पिठांतील सत्त्वाचे कण गार पाण्यांत पाणी पीत नाहींत; सुमारें ६५ अंश उष्णता मिळाली म्हणजे ते फुगतात, फुटतात आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. एकदां धरलेलें हें पाणी भट्टींतहि सहजीं सुटत नाहीं. म्हणून पाव मऊ होतो आणि दोन-तीन दिवस मऊ राहतो. जपानी बायका पिठावर उकळतें पाणी ओतून रात्रभर ठेवतात. चिनी पद्धतींत पिठाच्या पांचपट पाणी किंवा दूध घेऊन तें चुलीवर ढवळून शिजवितात. तिला तांगझोंग म्हणतात. २००७ मध्यें तैवानांत निघालेल्या एका पुस्तकानें ही दुसरी रीत घरोघर पोंचविली. आम्ही हीच करतों, कारण मोदकाच्या उकडीवर फिरलेल्या हाताला ती लगेच साधते.

एका पावासाठीं एकंदर ३०० ग्रॅम मैदा घ्यावा. त्यांतील २५ ग्रॅम, म्हणजे बारावा हिस्सा, १२५ मिलिलिटर दुधांत गुठळी न होऊं देतां कालवून मंद आंचेवर सतत ढवळावा. पळी फिरवितांना तिच्या मागें तळ दिसूं लागला कीं लगेच उतरावा. लापशीइतका दाटपणा पुरे. गोळा होईतों आटवूं नये. ही उकड थाळींत पसरून वर साय धरूं नये म्हणून झांकून पूर्ण निववावी. गरम उकड पिठांत घालणें म्हणजे माझ्या पहिल्या पावाची गत.

उरलेल्या २७५ ग्रॅम मैद्यांत ३० ग्रॅम साखर, एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, मीठ, ४ ग्रॅम कोरडें झटपट यीस्ट आणि असल्यास मोठा चमचाभर दुधाची पूड मिसळावी. उकड व १२५ मिलिलिटर कोमट दूध घालून भिजवावें. हें दूध तापवून निवविलेलें असावें. आपल्याकडे दूध तापविल्याशिवाय कोणी वापरीत नाहीं म्हणून हें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु कच्च्या दुधांतील कांहीं द्रव्यांमुळें पिठाची तार दुबळी होते, व उकळीनें तो दोष जातो, हें जाणून घेण्यासारखें आहे. अंडें जपानांतहि पुष्कळजणी घालीत नाहींत. आम्हांलाहि त्याची उणीव भासली नाहीं.

मैद्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपला बाजारी मैदा नानकटाईस उत्तम, पावास किंचित् दुबळा. गव्हांतील ग्लुटेन नांवाचें जें चिवट सत्त्व, तें त्यांत बेताचें असतें. जपानांत या पावासाठीं मुद्दाम जोरकस पीठ मिळतें. हल्लीं पुण्यांतहि पावाचें पीठ म्हणून निराळें पीठ विकत मिळतें. तें घ्यावें, नाहींतर साधा मैदाच अधिक मळावा. खपली गव्हाच्या अभिमानी मंडळींनीं मात्र येथें हट्ट धरूं नये. खपलीची खीर करावी. आणि परकी पाव, परकी गहूं असें म्हणण्यांतहि आतां अर्थ नाहीं. 'नोरिन १०' नांवाचा बुटका गहूं जपानांत १९३५ मध्यें तयार झाला. त्याचें बीं १९४६ मध्यें अमेरिकेंत गेलें, तेथून मेक्सिकोंत बोरलॉग यांच्या हातीं आलें, आणि त्यांनीं काढलेल्या वाणांचें १८,००० टन बियाणें आपल्या देशानें १९६६ मध्यें आणविलें. उंच वाढून लोळणारा आपला गहूं त्यानंतर बुटका व भरघोस झाला. आपल्या रोजच्या पोळीच्या वंशावळींत असा एक जपानी पूर्वज बसलेला आहे, आणि आत्याबाई त्याची पोळी पन्नास वर्षें खात आल्या होत्या. मीं हें त्यांना सांगितलें नाहीं.

तिसरा पाव उकडीचा केला. मऊ झाला, पण बुटका. आंत जाळी पडेना. चौथ्या वेळीं मीं परातींत मळीत बसलें असतां आत्याबाई काठी टेकीत आल्या आणि चौरंगावर बसल्या. दोन बोटांनीं गोळा चिमटीत धरून त्यांनीं ओढून पाहिला. तो तटकन् तुटला. "सूनबाई, ह्याला अजून तार कुठं आल्येय? पुरणपोळीची कणीक अशी ठेवली असतीस तर पोळी फुटली असती. तिंबून काढ." मीं म्हटलें, दहा मिनिटें झालीं. "घड्याळ कशाला बघतेस? पिठाकडं बघ."

मग मीं वीस मिनिटें मळलें, आणि त्या समोर बसून राहिल्या. प्रथम गोळा हाताला चिकटतो; तेव्हां वरून पीठ घालण्याचा मोह होतो तो आवरावा. ताणून, दुमडून, आपटून मळीत राहिलें कीं तो परात सोडतो. नंतर ३० ग्रॅम मऊ लोणी थोडें थोडें करून जिरवावें. लोणी आरंभींच घातलें तर तार धरण्यास वेळ लागतो. शेवटीं लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांनीं हळूं हळूं पसरावा. पलीकडची बोटें दिसतील इतका पातळ पापुद्रा न फाटतां निघाला म्हणजे मळणें पुरें झालें.

गोळा तुपाच्या हाताच्या पातेल्यांत ठेवून दुप्पट होईतों झांकावा. यास वेळ किती, तें पंचांग सांगेल. वैशाखांत आमच्या स्वयंपाकघरांत पाऊण तासांत गोळा पातेल्याबाहेर डोकावूं लागतो, आणि दुर्लक्ष झालें तर आंबूस होतो. त्या दिवसांत दूध गारच घ्यावें. मार्गशीर्ष-पौषांत मुळेकडून गार वारा सुटला कीं दोन-दोन तास हालचाल नसते. अशा वेळीं पातेलें बंद ओव्हनमध्यें ठेवून शेजारीं कढत पाण्याचें भांडें ठेवावें.

फुगलेल्या गोळ्याचे तीन समान भाग करून पंधरा मिनिटें विसांवा द्यावा. मग प्रत्येक भाग लांबट लाटावा, दोन्ही कडा मध्यें दुमडाव्या, पुन्हां लाटावा आणि अळूवडीच्या उंड्यासारखी घट्ट वळकटी करावी. तिन्ही वळकट्या उभट साच्यांत शेजारीं शेजारीं, दुमड खालीं करून, बसवाव्या. पावाचे पापुद्रे सुटतात ते याच वळकटीमुळें. साच्याच्या कांठाशीं पीठ आलें कीं वरून दुधाचा हात फिरवून, आधींच तापविलेल्या ओव्हनमध्यें १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटें भाजावा. वर रंग लवकर चढला तर कागदी पत्र्यानें झांकावा. ओव्हन नसेल त्यांनीं जाड पातेल्यांत मीठ तापवून, वर वाटी पालथी घालून, तिच्यावर साचा ठेवावा व घट्ट झांकण घालावें. वरून तांबूस रंग येत नाहीं, मऊपणा येतो.

बाहेर काढतांच साचा एकदां ओट्यावर वीतभर उंचीवरून आपटावा. कोंडलेली वाफ निघून जाते व पावाच्या कुशी आंत बसत नाहींत. नंतर तो जाळीवर काढून निदान दीड तास कोणालाहि हात लावूं देऊं नये. एकत्र कुटुंबांत या कृतीची हीच पायरी सर्वांत अवघड आहे.

चौथा पाव साधला. पण आत्याबाईंनीं तो खावा कसा? धाकटे दीर संस्कृताचे अध्यापक. त्यांनीं मनुस्मृति काढली. पांचव्या अध्यायांत शिळें व आंबलेलें अन्न वर्ज्य सांगितलें आहे. परंतु आंबलेल्यांतून दहीं व दह्याचे प्रकार वगळले आहेत, आणि जव व गव्हाचे आणि दुधाचे पदार्थ पुष्कळ वेळ राहिलेले असले तरी चालतात असेंहि म्हटलें आहे. गहूं आणि दूध! दिरांचा आवाज चढला. आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "मनूनं कधीं पाव खाल्ला होता?" ग्रंथ मिटला.

थोड्या वेळानें त्यांनींच मला विचारलें, "ह्यांत पाणी किती घातलंस?"

मी म्हटलें, "पाणी मुळींच नाहीं. उकडहि दुधांतली, पीठहि दुधांतच भिजवलंय."

"मग ती दशमीच कीं," असें म्हणून त्या गप्प राहिल्या.

दशमी ज्यांच्या घरांतून गेली असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितें. पाण्याऐवजीं नुसत्या दुधांत पीठ भिजवून केलेली पोळी किंवा भाकरी ती दशमी. तिला पाण्याचा स्पर्श नाहीं म्हणून ती खरकटी मानीत नसत. सोंवळें पाळणारीं माणसें प्रवासांत तीच बांधून नेत. आगगाडींत, धर्मशाळेंत, परक्याच्या ओसरीवर बसून ती निःशंक खातां येई. आत्याबाई काशीस गेल्या होत्या त्या दशम्यांच्याच डब्यावर. जो नियम माणसाला घराबाहेर अडवी, त्यांतूनच वाट काढणारी ही युक्ति आमच्याच आज्यापणज्यांनीं केलेली होती. धर्मशास्त्राचा आधार तिला किती, तें पंडितांनीं ठरवावें. चुलीशीं बसणाऱ्या बायकांना तो पुरला.

त्या संध्याकाळीं मीं पावाची कड काढून आंतला पांढरा भाग चांदीच्या वाटींत कोमट दुधांत भिजवून त्यांच्यापुढें ठेवला. कोणी बोललें नाहीं. त्यांनीं वाटी उचलून नाकाशीं धरली, आणि बराच वेळ तशीच धरली.

"हा तो वास नव्हे," त्या म्हणाल्या. "बापूच्या पावाला आंबूस वास होता."

मग त्यांनीं खाल्लें. वाटी संपली, तेव्हां साखर थोडी कमी घालावी अशी सूचना केली, व उरलेल्या पावावर ओलें फडकें न टाकतां डब्यांत झांकून ठेव म्हणून बजावलें.

आतां मंगळवारीं आणि शनिवारीं आमच्याकडे पाव होतो. त्या दिवशीं एकादशी आल्यास अर्थात् पुढें ढकलतों. फाल्गुन अखेर आत्याबाईंचें वजन दीड किलो वाढलें. मळतांना त्या चौरंगावर येऊन बसतात, आणि पापुद्रा त्यांनीं पाहिल्याशिवाय गोळा पातेल्यांत जात नाहीं. बाजारचा पाव त्या अजूनहि खात नाहींत. पाववाल्याची घंटा ऐकूं आली म्हणजे मात्र, त्याचा पाव दुधांतला कीं पाण्यांतला, याची चौकशी करावयास मला एकदां दारापर्यंत पाठवून झालें आहे. पाण्यांतला, असें त्यानें सांगितलें.